कॅमशाफ्ट उतरवताना : टायमिंगच्या साखळीचा आणि पट्ट्याचा इतिहास

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. निकोलाउस ओटोच्या १८७६ सालच्या इंजिनापासून हे प्रमाण बदललेले नाही, कारण शोषण, दाब, ज्वलन आणि निकास ही चार कामे दोन फेऱ्यांत उरकतात आणि प्रत्येक व्हॉल्व्ह त्यात एकदाच उघडायचा असतो. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो, आणि दर वेळी पिस्टन सिलिंडरमध्ये नेमका कुठे आहे त्याच्याशी त्याचा मेळ असावा लागतो. हा मेळ म्हणजेच टायमिंग. बदलत आले ते दोन शाफ्ट एकमेकांशी बांधण्याचे साधन: आधी गिअर, मग उभा दांडा, साखळी, आणि शेवटी रबराचा दातेरी पट्टा. साधन बदलले की ओव्हरहॉलला इंजिन खोलण्याची रीतही बदलली. कोणता नट आधी सुटायचा, खूण कुठे पाहायची, बिघाडाची चाहूल कशाने लागायची, हे सारे त्या एका जोडणीवर ठरत गेले.

सुरुवातीच्या मोटारींत आत घेणारा व्हॉल्व्ह पिस्टनच्या ओढीनेच उघडे आणि त्याला कॅम लागतच नसे. वेग वाढला तसा हा व्हॉल्व्ह मागे पडू लागला आणि दोन्ही व्हॉल्व्ह कॅमच्या ताब्यात गेले. कॅमशाफ्ट तेव्हा ब्लॉकमध्ये, क्रँकशाफ्टच्या शेजारीच असे. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीप्रमाणे एकमेकांत बसणारे दोन गिअर तेवढ्याला पुरत. खोलणाऱ्याचे काम सोपे होते. पुढचे झाकण काढले की दोन्ही गिअरवर ठोकलेल्या खुणा दिसत, त्या समोरासमोर आणल्या की टायमिंग बसले. तक्रार होती ती गिअरच्या करकरीची. ती कमी करण्यासाठी काही कारखान्यांनी कॅमचा गिअर फायबरचा केला, तर काहींनी साखळी घेतली. साखळी तयारच होती. मूळचा स्वित्झर्लंडचा हान्स रेनॉल्ड मँचेस्टरमध्ये कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी साखळ्या बनवत असे. १८८० मध्ये त्याने बुश-रोलर साखळीचे पेटंट घेतले आणि १८८५ मध्ये चाकाच्या दातांवर आवाज न करता बसणारी, उलट्या दातांची साखळी काढली.

व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर गेले, पण कॅमशाफ्ट खालीच राहिला, तर मध्ये लांब पुशरॉड आणि रॉकर लागतात. त्यांचे वजन दर सेकंदाला कित्येकदा वर-खाली हलवावे लागते आणि वेग वाढला की स्प्रिंगांना ते आवरत नाही. कॅमशाफ्ट हेडवर नेला की हे वजन उरत नाही. शर्यतीच्या गाडीत हे ठळकपणे दाखवले ते प्यूजोने. एर्नेस्ट हेन्रीच्या हातून उतरलेल्या १९१२ च्या ७.६ लिटर इंजिनात हेडवर दोन कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते. त्याच वर्षी जॉर्ज ब्वायो याने ती गाडी घेऊन दिएप येथली फ्रेंच ग्रां प्री जिंकली. त्या इंजिनात वरचे शाफ्ट उभ्या दांड्याने आणि तिरप्या दातांच्या गिअरांनी फिरत. चालायला हे सुरेख, पण खोलायला कठीण होते. हेड उतरवले की तिरप्या गिअरांची बसण पुन्हा जमवावी लागे, आणि ती पातळ चकत्या घालून-काढून, हाताला लागणाऱ्या ढिलाईवरूनच जमत असे. वरचा कॅमशाफ्ट पुढची कित्येक वर्षे शर्यतीच्या आणि महागड्या गाड्यांतच राहिला, त्यात या मजुरीचा वाटा मोठा होता.

खोलण्याच्या दृष्टीने फरक कुठे पडला ते नीट पाहण्यासारखे आहे. पुशरॉडच्या इंजिनात हेड उतरवले तरी कॅमशाफ्ट, साखळी आणि क्रँकशाफ्ट जागच्या जागी राहतात. व्हॉल्व्ह घासा, कार्बन काढा, गॅसकेट बदला, टायमिंगला कोणी हात लावलेला नसतो. कॅमशाफ्ट हेडवर गेला की हेडचे प्रत्येक काम हे टायमिंगचे काम होते. जोडणी तोडल्याशिवाय हेड निघतच नाही, आणि तोडलेली जोडणी दातन्‌दात पूर्वीसारखी बसवण्याची जबाबदारी कारखान्याकडून मिस्त्रीकडे येते.

१९४८ च्या जग्वार एक्सके इंजिनाच्या रचनाकारांना हे ठाऊक होते. त्यात दोन टप्प्यांची साखळी होती आणि हेड काढताना कॅमशाफ्टची चाके शाफ्टवरून सोडवून आतल्या कंसावरच टांगून ठेवण्याची सोय केली होती, म्हणजे साखळी खाली पडत नसे आणि चाकावरचा तिचा दात बदलत नसे. तरीही एक बंधन होते. चाके सुटल्यावर कॅमशाफ्ट सुटेपणी फिरवला तर दोन बाजूंचे उघडे व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत. या इंजिनात आणि १९५४ च्या आल्फा रोमिओ ज्युलिएत्तात व्हॉल्व्हची फट ठरवणारी चकती टॅपेटच्या बादलीखाली असे. ती बदलायची तर कॅमशाफ्ट उतरवावाच लागे. जग्वारच्या १२ व्हॉल्व्हांची फट फीलर गेजने मोजायची, कागदावर लिहायची, दोन्ही कॅमशाफ्ट काढायचे, हिशेबाने चकत्या बदलायच्या, शाफ्ट पुन्हा बसवून पुन्हा मोजायचे, आणि एखादा आकडा चुकला तर तेच सारे पुन्हा करायचे. असे इंजिन ज्याच्या हातून निमूट चालू लागे त्याला गॅरेजात मान असे, आणि तो रास्तच होता.

रबरी पट्ट्याचा जन्म मोटारीसाठी झाला नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत सिंगरच्या शिवणयंत्रासाठी सुईचा आणि खालच्या धोट्याचा मेळ न घसरता राखणारा पट्टा हवा होता. गिल्मर कंपनीतल्या रिचर्ड केसने आतल्या बाजूने दात असलेला पट्टा तयार केला. साधा पट्टा घर्षणावर चालतो आणि ताण पडला की थोडा घसरतो, हा चाकाच्या दातांत अडकून चालत असल्याने घसरत नाही. साखळीसारखे त्याला तेलही लागत नाही. आत ताण सोसणारे धागे, त्यांच्याभोवती रबर आणि दातांवर कापडाचा थर, ही बांधणी आजही तीच आहे. मोटारीत धागे काचतंतूंचे झाले, रबर निओप्रीनचे आणि कापड नायलॉनचे. पुढे इंजिनाच्या डब्यातली उष्णता वाढल्यावर निओप्रीनची जागा अधिक टिकाऊ नायट्राइल रबराने घेतली.

मोटारीत हा पट्टा पहिल्यांदा आला तो कॅलिफोर्नियाच्या बिल डेव्हिनच्या १९५४ च्या शर्यतीच्या गाड्यांत, पान्हार्डच्या दोन सिलिंडरच्या इंजिनावर. विकायच्या गाडीत तो आणण्याचे धाडस मात्र एखाद्या बड्या कंपनीने केले नाही. बव्हेरियातल्या डिंगोलफिंगचा हान्स ग्लास हा शेतीची अवजारे बनवणारा कारखानदार होता. तिथून तो स्कूटरकडे आणि १९५५ पासून गोगोमोबील या चिमुकल्या गाडीकडे वळला होता. १९६१ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ठेवलेली आणि १९६२ पासून विकली गेलेली त्याची ग्लास १००४ ही दातेरी पट्ट्यावर कॅमशाफ्ट चालवणारी पहिली घाऊक उत्पादनाची गाडी. इंजिन ९९२ सीसीचे. छोट्या कारखान्याला हा मार्ग का परवडला हे उघड आहे. साखळीला तेलबंद घर, मार्गदर्शक पट्ट्या आणि ताण राखणारी यंत्रणा लागते. पट्ट्याला बाहेरच्या बाजूला दोन-तीन चाके, ताणाची एक रोलर-पुली आणि धूळ अडवणारे पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे झाकण पुरते. आवाजही कमी. १९६६ मध्ये बीएमडब्ल्यूने ग्लास कारखाना घेतला आणि डिंगोलफिंग पुढे बीएमडब्ल्यूच्या मोठ्या कारखान्यांपैकी एक झाले. ग्लास हे नाव रस्त्यावरून गेले, पण त्याने लावलेला पट्टा जगभर पसरला.

१९६६ च्या मॉडेलांत अमेरिकेत पॉन्टिअ‍ॅकने जॉन डिलोरियनच्या आग्रहाने सहा सिलिंडरच्या इंजिनाला पट्टा दिला, पण तिथे तो १९६९ पर्यंतच टिकला. खरा विस्तार झाला तो इटलीतून. फेरारीत नाव कमावून फियाटला आलेल्या ऑरेलियो लांप्रेदीने १२४ या साध्या गाडीच्या पुशरॉड इंजिनाचा ब्लॉक घेतला आणि त्यावर दोन कॅमशाफ्टचे हेड बसवले. १९६६ च्या ट्यूरिन प्रदर्शनात १२४ स्पोर्ट स्पायडरमध्ये ते १४३८ सीसीचे इंजिन आले. पुशरॉडच्या जुन्या कॅमशाफ्टची ब्लॉकमधली जागा रिकामी ठेवण्याऐवजी लांप्रेदीने तिथे एक साहाय्यक शाफ्ट घातला आणि ऑइल पंपाचे काम त्याच्याकडे दिले. पट्टा क्रँकशाफ्ट, हा शाफ्ट आणि वरचे दोन कॅमशाफ्ट असा सर्वांना गुंफून जातो. हीच वंशावळ पुढे लान्चिया डेल्टात पोहोचली आणि १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे जागतिक रॅलीचे निर्मात्यांचे अजिंक्यपद त्या गाडीकडे राहिले. पट्टा म्हणजे स्वस्तातली तडजोड, या समजाला इतके सडेतोड उत्तर दुसरे नसावे.

ओव्हरहॉलसाठी हे इंजिन कसे खोलतात, हे जवळून पाहिले की रचनेमागचा विचार कळतो. बॅटरीची वायर सोडवून, रेडिएटरचे पाणी काढून झाकण उतरवतात. स्पार्क प्लग काढतात म्हणजे दाब राहत नाही आणि क्रँकशाफ्ट हाताच्या पान्याने हलका फिरतो. तो चालण्याच्या दिशेनेच फिरवत पहिला पिस्टन टॉप डेड सेंटरला आणतात आणि दोन्ही कॅमच्या चाकांवरच्या खुणा मागच्या स्थिर खुणांशी जुळल्या का ते पाहतात. जुळल्या नाहीत तर पुढे काहीही करत नाहीत, कारण इंजिन आधीच चुकीच्या दातावर चालले होते की पाहणाऱ्याची नजर चुकते आहे, हे आधी ठरवावे लागते. मग ताणाच्या पुलीचा नट सैल करून ती मागे रेटतात आणि पट्टा बाहेरच्या कडेने सरकवून काढतात. तो पुन्हा वापरायचा नसला तरी चालण्याची दिशा त्यावर लिहून ठेवणारे मिस्त्री आहेत, कारण दातांची झीज कोणत्या बाजूला आहे ते नंतर पाहता येते. पट्टा सुटला की क्रँकशाफ्ट पाव फेरा फिरवून चारही पिस्टन सिलिंडरच्या मध्याशी आणतात. आता कॅमशाफ्ट हलला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाही.

लांप्रेदीच्या हेडवर प्रत्येक कॅमशाफ्ट आपापल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत बसतो. पेटीचे नट थोडे-थोडे, आळीपाळीने सैल करावे लागतात, कारण खालून दाबलेल्या स्प्रिंगा तिला वर लोटत असतात. पेटी उचलताना आतल्या टॅपेटच्या बादल्या निसटून पडतात. त्या पडू न देता क्रमाने खणांच्या पेटीत ठेवायच्या, कारण प्रत्येक बादली आपल्याच भोकाशी घासून बसलेली असते. फटीची चकती मात्र इथे बादलीच्या वर आहे, आणि जग्वारच्या मिस्त्रीला हेवा वाटावा अशी ही सोय होती. एका चापाने बादली दाबून धरायची, तिच्या काठावरच्या खाचेत हवेचा झोत मारायचा, चकती उडून वर येते, दुसरी बसवायची. कॅमशाफ्टला हात लावावा लागत नाही.

१९७२ च्या आउडी ८० पासून फोक्सवॅगन समूहाने वापरलेल्या इंजिनात कॅमशाफ्ट पेटीत नव्हता, हेडवरच्या पाच कॅपांखाली होता. त्या कॅपा काढण्याचा क्रम ठरलेला: १, ३ आणि ५ आधी पूर्ण काढायच्या, मग २ आणि ४ चे नट आळीपाळीने थोडे-थोडे सैल करायचे. सगळे व्हॉल्व्ह कधीच एकाच वेळी मिटलेले नसतात, म्हणून काही स्प्रिंगा शाफ्टला सतत वर ढकलत असतात. एक टोक आधी मोकळे केले तर शाफ्ट तिरपा होतो आणि ओतीव लोखंडाचा असल्याने तडकू शकतो. कॅपांवर आकडे असतात ते शोभेसाठी नव्हेत. हेड आणि कॅपा एकत्र बांधून त्यांची भोके एकाच वेळी कापलेली असतात, म्हणून एका जागेची कॅप दुसरीकडे बसवली की शाफ्ट जाम होतो. शाफ्ट बाहेर आल्यावर कॅमच्या नाकाची उंची मायक्रोमीटरने मोजतात, पृष्ठभागावर खड्डे पडले आहेत का ते पाहतात आणि शाफ्ट दोन आधारांवर फिरवून डायल गेजने वाक तपासतात. जुने तेलसील पुन्हा घालत नाहीत. सीलमधून झिरपणारे तेल रबराला फुगवते आणि नव्या पट्ट्याचे आयुष्य तिथेच संपते.

पट्ट्याने आणखी एक गोष्ट बदलली. साखळी झिजली की लांबते आणि सकाळी गार इंजिन सुरू करताना पुढच्या झाकणामागे खडखडते. मिस्त्री आणि मालक दोघांनाही कित्येक महिने आधी कळते. पट्टा असे काही सांगत नाही. दात कापला गेला किंवा धागे तुटले की इंजिन त्याच क्षणी बंद पडते, आणि पिस्टनच्या वाटेत व्हॉल्व्ह येत असेल अशा इंजिनात व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टन फुटतो. जिथे पिस्टनच्या माथ्यावर खोल खाचा ठेवून ही टक्कर टाळली आहे, तिथे नुसता नवा पट्टा घालून गाडी चालू होते. दुर्घटना टाळण्याचा उपाय एकच राहिला: पट्टा चांगला दिसत असतानाच, किलोमीटर किंवा वर्षे मोजून बदलायचा. बऱ्याच इंजिनांना ही मुदत ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या आसपास असते. कानाने चालणाऱ्या दुरुस्तीत नोंदवही शिरली ती इथे. एकदा झाकण उघडले की ताणाची पुली आणि, पट्ट्यावर चालत असेल तर, वॉटर पंपही बदलण्याचा शहाणपणा त्यातूनच रुळला.

भारतात हा बदल उशिरा आणि अचानक आला. अ‍ॅम्बेसेडरचे १४८९ सीसी आणि कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसी, दोन्ही इंजिने पुशरॉडची, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि टायमिंगला साखळी. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशी झालेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी चार दशकांहून जास्त काळ याच रचनेवर चालली. बोअर न करता हेड उतरवून व्हॉल्व्ह घासणे आणि रिंगा बदलणे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत हाफ इंजिन, हे काम टायमिंगच्या झाकणाला न शिवता करण्यात मुंबई-पुण्याच्या मिस्त्रींच्या पिढ्या तयार झाल्या. १९८५ मध्ये प्रीमियरने ११८ एनई आणली. तिचा सांगाडा फियाट १२४ च्या घराण्यातला होता, पण आत निसानचे पुशरॉडचेच इंजिन होते. लांप्रेदीचा पट्टा त्या वाटेने इथे पोहोचला नाही.

तो आला मारुतीतून. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० च्या किल्ल्या दिल्या गेल्या. तिच्या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या सुझुकी इंजिनात कॅमशाफ्ट हेडवर होता आणि दातेरी पट्ट्याने फिरत होता. इंजिन आडवे बसवलेले, म्हणून पट्ट्याचे झाकण बॉनेटखाली समोर न येता कडेला गेले, आणि क्रँकच्या पुलीपर्यंत पोहोचायला चाक काढून कमानीतून हात घालावा लागू लागला. रॉकरच्या दांड्या बाहेर ओढल्याशिवाय कॅमशाफ्टही निघत नव्हता. हेडच्या साध्या कामालाही आता टायमिंग सोडावे लागत होते. कंपनीच्या सर्व्हिस स्टेशनबाहेरच्या मिस्त्रीकडे छापील पुस्तिका नव्हती, त्याने आपली रीत काढली. जुना पट्टा काढण्याआधी दोन्ही पुल्यांवर आणि पट्ट्यावर पांढऱ्या रंगाचे ठिपके द्यायचे, मधले दात मोजायचे आणि तेच ठिपके नव्या पट्ट्यावर उतरवायचे. रीत चोख आहे, एक धोका सोडून. आधीच्या माणसाने पट्टा एक दात चुकवून बसवला असेल तर ती चूक जशीच्या तशी पुढे जाते. क्रँकच्या पुलीला २० दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. गाडी चालते, पण ओढ मेलेली असते आणि कार्ब्युरेटर किंवा प्लगवर खापर फुटत राहते. कारखान्याची खूण शोधूनच पट्टा चढवायचा, हा धडा त्या दशकात बऱ्याच गॅरेजांनी स्वतःच्या खर्चाने घेतला.

१९९८ अखेर आलेल्या पुण्याच्या टाटा इंडिकाच्या डिझेललाही पट्टा होता. तिच्या १४०५ सीसी इंजिनात तोच पट्टा इंजेक्शन पंपही फिरवत होता. डिझेलला दाब इतका जास्त लागतो की टॉप डेड सेंटरला पिस्टनच्या वर जागाच उरत नाही, म्हणून तिथे पट्टा तुटला की व्हॉल्व्ह वाकलेच. पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत टायमिंग बेल्ट हा रोज खपणारा माल झाला.

शतक बदलताना कारखानदार पुन्हा साखळीकडे वळले. मुदतीने बदलायच्या भागाचा खर्च गिऱ्हाइकाला नको होता, आणि कॅमशाफ्टचे टायमिंग चालता-चालता पुढे-मागे करणारी यंत्रणा तेलावर चालत असल्याने ती तेलबंद घरातच सोयीची होती. भारतात फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेलला साखळी होती. २००७ मध्ये ते स्विफ्टमध्ये आले आणि २००८ मध्ये इंडिका व्हिस्टातही. त्याच वर्षी मारुतीच्या के-सीरिज पेट्रोल इंजिनांनाही साखळी मिळाली. यांतल्या काही इंजिनांत खुणेची जागा कुलपाने घेतली होती. १९९० च्या दशकापासून कित्येक इंजिनांत कॅमच्या चाकाला खाचच नसते, ते नुसत्या बोल्टच्या ताणावर शाफ्टला धरून राहते. त्यामुळे क्रँक आणि कॅम दोन्ही खास अवजारांनी अडकवून मगच तो बोल्ट आवळावा लागतो. फोर्डच्या झेटेक इंजिनात हे अवजार म्हणजे ५ मिलिमीटर जाडीची सपाट पट्टी, दोन्ही कॅमशाफ्टच्या मागच्या टोकांवरच्या खाचांत एकदम बसणारी. रंगाचा ठिपका इथे उपयोगाचा नाही, चाक शाफ्टवर कुठेही बसू शकते.

पातळ साखळ्या आणि लांबवलेली तेलबदलाची मुदत यांचा मेळ सगळीकडे बसला नाही. २०१२ पासून फोक्सवॅगनची नवी छोटी पेट्रोल इंजिने पुन्हा पट्ट्यावर आली. २०२० पासून चाकणच्या पोलोत बसलेले १.० टीएसआय त्यातलेच. त्याच २०१२ मध्ये फोर्डने १.० लिटर इकोबूस्टमध्ये पट्टा इंजिनाच्या आत, तेलात भिजत चालणारा ठेवला. प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ लिटर प्युअरटेकमध्येही तेच केले गेले. घर्षण कमी आणि बांधा आटोपशीर, हा हेतू. पण चुकीच्या प्रतीचे तेल, तेलात मिसळणारे पेट्रोल आणि लांबलेली मुदत यांनी हे रबर फुगते, दातांचे तुकडे सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. मग तेलाचा दाब पडून कॅमशाफ्टचे बेअरिंग आधी कोरडे पडते. म्हणून प्युअरटेकच्या सर्व्हिसमध्ये एक नवी तपासणी आली आहे: तेल भरायचे झाकण उघडून आतल्या पट्ट्यावर रुंदीचे गेज धरायचे. पट्टा गेजमध्ये बसला नाही तर तो फुगला आहे, आणि नुसता पट्टा बदलून भागत नाही. चेंबर उतरवून जाळी साफ करायची, कॅपा ठरलेल्या क्रमाने सोडून कॅमशाफ्ट वर घ्यायचा आणि त्याची बेअरिंगे पाहायची.